वाकड्या कोपऱ्यावरचे कोल्हे

सोमवार, ३ जानेवारी १९५५

आज शाळा उघडली आणि पहिल्याच तासाला मी वर्गाच्या मागच्या भिंतीवरचे फाटके नकाशे काढून टाकले. तिथं आता आमच्या काउंटीतले सस्तन प्राणी राहणार. डावीकडे गेलेले, उजवीकडे असलेले. एका प्राण्याला एक पुठ्ठा. चित्र मुलांनी काढायचं, माहिती त्यांनीच घरच्या म्हाताऱ्यांना विचारून आणायची. डावीकडे बायसन, एल्क, लांडगा, अस्वल, पाणमांजर, हरीण. उजवीकडे कोल्हा, बॅजर, स्कंक, रकून, मिंक, मोठा ससा, आणि जागा उरली तर उंदीर-चिचुंद्र्या.

"बाई, डावी बाजू जास्त भारी दिसते," एक मुलगी म्हणाली.

खरं आहे. अंगानं मोठे होते ते जवळजवळ सगळे गेले. आयोवातलं गवत नांगराखाली आलं आणि गवताबरोबर तेही गेले.

मधोमध बायसनची कवटी टांगली. गेल्या शरद ऋतूत ओल्या शेतातलं पाणी काढायला बाबा मातीचे नळ पुरत होते, तेव्हा फावड्याला लागली. आईनं ती दुधाच्या खोलीत ठेवू दिली नाही, म्हणून बाबांनी ती पोत्यात गुंडाळून थेट माझ्या शाळेच्या टेबलावर आणून ठेवली. "भिंत बघायला याल ना?" असं विचारलं तर म्हणाले, "गायींना विचारतो."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आईनं माझं पदवीचं प्रमाणपत्र स्वयंपाकघरात रेडिओच्या वर टांगलंय. बातम्या ऐकताना सगळ्यांना ते वाचावंच लागतं. त्या कागदाचं काहीतरी देणं लागते मी, असं वाटतं. म्हणून इथं लिहून ठेवते: माझी नोकरी असेपर्यंत उजवीकडचा एकही पुठ्ठा डावीकडे जाणार नाही.

शनिवार, ८ जानेवारी

सकाळी दोन कोंबड्या कमी. खुराड्यापासून पाणथळीच्या कुंपणापर्यंत बर्फात एका ओळीत ठसे, कोल्ह्याचे, पुस्तकात असतात तसेच.

"ससाण्यानं नेल्या," बाबा म्हणाले आणि खुराड्याचं दार दुरुस्त करायला लागले.

आयुष्य शेतात गेलं, पण बाबांना ठसे ओळखता येत नाहीत याचं वाईट वाटलं. एखाद्या रविवारी बसून शिकवीन.

जेवताना मी हाक्याचा विषय काढला. दर फेब्रुवारीत आमचा अख्खा गाव तीन मैल लांब, तीन मैल रुंद अशा चौकोनाच्या चारी बाजूंना उभा राहतो. शिट्टी झाली की आरडाओरडा करत आत चालू लागतो. घेर आवळत जातो, आणि आत सापडेल तो कोल्हा मारतात. मग चर्चच्या तळघरात वाटाण्याचं सूप. मी लहानपणी त्या दिवसाची नाताळासारखी वाट बघायची. आता अंगावर काटा येतो.

"मी हे बंद पाडणार आहे," मी म्हणाले.

"सूप घट्ट होतंय," बाबा म्हणाले. "जेव."

आई म्हणाली, "सिग्नी, गावाशी भांडू नकोस. पोट गावावर आहे."

"भांडणार नाही. पटवणार आहे."

बाबांनी पावाचा तुकडा ताटलीभर फिरवला. "पटवण्यासारखे लोक आहेत खरे," म्हणाले. मला यात थोडी थट्टा दिसली. थोडीच.

शनिवार, १५ जानेवारी

धान्याच्या कोठारात गेले होते. पामर लुंडकाका म्हणजे कोठाराचे मालक आणि वीस वर्षं हाक्याचे कप्तान. शेगडीभोवती नेहमीची मंडळी.

"या, बाई!" काका म्हणाले. लहानपणी मला 'चिमणे' म्हणायचे. नोकरी लागल्यापासून 'बाई'. तेही चिडवल्यासारखं.

"काका, या वर्षी हाका नको."

"ऐका रे! कोल्ह्यांनी वकील धाडलाय."

"फी काय घेतेस गं?" कुणीतरी विचारलं. "कोंबडी?"

हसू दिलं. मग विचारलं, "गेल्या वर्षी किती मारलेत?"

"तीन."

"आणि तुम्ही तरुण होतात तेव्हा?"

"ढीग. ट्रकच्या पाठीवर मावायचे नाहीत."

"म्हणजे संपत आलेत."

"संपत आलेत की शहाणे झालेत?" काकांनी डोळे बारीक केले. "शिवाय सेल्मरचे बूट विसरलीस होय?"

यावर जे हसू उठलं त्यानं माझे कान तापले. सेल्मर हौगेन म्हणजे माझे बाबा. आमच्या शेताच्या कोपऱ्यावर उत्तर-दक्षिण रस्ता एकदम बाजूला सरकतो. पृथ्वी गोल, मोजणीच्या रेषा सरळ. जुन्या सरकारी मोजणीदारांनी तो फरक तिथं जिरवला. गावात त्याला वाकडा कोपरा म्हणतात. त्याच्यामुळे हाक्यातली उत्तरेची आणि पश्चिमेची रांग तिथं एकमेकींना भिडत नाही, मध्ये आमच्या पाणथळीचा पट्टा मोकळा उरतो. तो भरायचं काम बाबांचं. आणि दर वर्षी ऐन वेळी बाबांच्या रबरी बुटाचं बक्कल निघतं, ते बर्फात गुडघ्यावर बसतात, त्यांच्या मागची माणसं थांबतात, आणि फट तशीच राहते. गावात कुणालाही उशीर झाला की म्हणतात, 'सेल्मरचे बूट घातलेस का?'

"एका फटीतून असे किती जाणार, काका?" मी म्हणाले. "तुम्हाला तरी माहीत आहे का, एकूण किती आहेत ते?"

कुणालाच माहीत नव्हतं.

"मग मोजू या," मी म्हणाले. हे आधी ठरवलेलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. "तोच घेर, तीच माणसं, तेच सूप. फक्त बंदुका घरी. आपल्या उजव्या हाताकडून निसटेल तो प्राणी प्रत्येकानं मोजायचा. बस."

शेगडीतलं लाकूड तडतडलं. काकांनी मिशी ओढली. "गुरुवारी महिला मंडळाच्या बैठकीत ये," म्हणाले. "सूप त्यांचं आहे. त्यांना विचारल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

गुरुवार, २० जानेवारी

जिंकले!

चर्चचं तळघर भरलं होतं. कॉफी, लोणी-साखर लावलेल्या बटाट्याच्या पोळ्या, आणि धूर. मी फळ्यावर आकृती काढली.

"बंदुकीशिवाय कसला हाका?" मागून एकजण ओरडला. "मग आम्ही काय फिरायला यायचं?"

मंडळाच्या अध्यक्ष बेरिटकाकू मोठा डाव हातात घेऊन उठल्या. "एक सांगते. तीस वर्षं सूप करतेय. ते बंदुकीवर नाही, चुलीवर शिजतं. शिवाय मागच्या वर्षी तुझ्याच छर्ऱ्यानं माझ्या नवऱ्याच्या टोपीला भोक पडलं. ती मी शिवली."

ओरडणारा खाली बसला.

पामरकाकांनी अट घातली. १२ फेब्रुवारीला मोजणीचा हाका. बारापेक्षा कमी कोल्हे निघाले तर पाच वर्षं बंदुका खुंटीला. बारा किंवा जास्त निघाले तर लगेच पुढच्या शनिवारी नेहमीचा हाका, "आणि बाईंनी मुकाट्यानं यायचं, तोंड वाकडं न करता."

"मान्य," मी म्हणाले आणि सगळ्यांसमोर हात मिळवला.

वर्षाला तीन-चार मारले जातात तिथं बारा कुठून येणार? मला तर अट ऐकून हसूच येत होतं. गाडीत आई खूश होती. बाबांनी घरापर्यंत एकदाच तोंड उघडलं.

"बारा हा आकडा कुणी काढला?"

"पामरकाकांनी. का?"

"काही नाही," म्हणाले. "मोठा असता तर बरं झालं असतं."

बाबांचा माझ्या हिशेबावर विश्वास नाही. असू दे. आकडेच बोलतील.

रविवार, ६ फेब्रुवारी

नकाशा पूर्ण झाला. प्रत्येक कुंपण, प्रत्येक ओढा, कोण कुठं उभं राहणार, सगळं. अर्धवट मोजणीला काही अर्थ नाही. उद्या कुणी म्हणायला नको की फटीतून निसटले म्हणून आकडा कमी आला. म्हणून वाकडा कोपरा मी आधी बुजवला. तिथं माझा वर्ग. तरणी पोरं, चपळ, कान-डोळे शाबूत.

दुपारी बाबा टेबलापाशी येऊन नकाशा बघत उभे राहिले. बराच वेळ.

"कोपरा मी बघतो की," म्हणाले. "दर वर्षी बघतो."

"बाबा, रागावू नका. पण तुमचे बूट..."

"बक्कल घट्ट करून घेईन."

"दर वर्षी हेच म्हणता. या वेळी चूक चालणार नाही, बाबा. माझा शब्द अडकलाय. तुम्हाला दक्षिणेला ठेवलंय, पाद्रीबुवांच्या शेजारी. तिथं जमीन सपाट आहे."

"पाद्रीबुवांच्या शेजारी," ते म्हणाले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, मी दहा वर्षांची असताना ठेवायचे तसा. "नकाशा चांगला काढलास. मुंगी नाही सुटायची यातून."

एवढी शाबासकी त्यांनी आजवर कधी दिली नव्हती. फार बरं वाटलं.

शनिवार, १२ फेब्रुवारी

हात अजून गारठलेत, अक्षर वाईट येतंय.

आधी चांगलं लिहिते. तीनशेच्या वर माणसं आली. बंदूक एकाचीही नाही. शिट्टी झाली, आणि ती लांब काळी रांग पांढऱ्या शेतांवरून आत सरकू लागली. डबे वाजवत, ओरडत, एकमेकांना शिव्या घालत. एका म्हाताऱ्या बॅजरनं बिळाच्या तोंडाशी येऊन सगळ्यांना दात दाखवले आणि परत आत गेला. मोठे ससे चेंडूसारखे उडाले.

मग पाणथळीतल्या वाळक्या लव्हाळ्यातून दोन हरणं उठली.

या भागात हरीण बघितलेला जिवंत माणूस बहुधा नसेल. माझ्या भिंतीवर ती डावीकडे आहेत. दोघी माद्या, शेपटीची पांढरी निशाणं वर करून, कुंपणावरून अशा गेल्या की तार हललीसुद्धा नाही. डबे थांबले. पामरकाकांनी एवढ्या थंडीत डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून उभे राहिले. "मोजा रे, मोजा," असं कुणीतरी म्हणालं, ते कुजबुजत, चर्चमध्ये बोलावं तसं.

आता दुसरं. कोल्हे एकोणीस निघाले.

तळघरात चारी बाजूंचे आकडे फळ्यावर मांडले तेव्हा मी तीनदा बेरीज केली. अकरा एकट्या वाकड्या कोपऱ्यावरून. घाबरून सैरावैरा पळत नव्हते, मुलं सांगतात. घेर आवळायच्या आधीच, सरळ रेषेत, दुडक्या चालीनं आले, तिथं माणसं उभी बघून थबकले, आणि मग बाजूनं गेले. जणू वाट ठाऊक होती. असं का, हे शोधायला हवं. वारा वायव्येचा होता. कदाचित पाणथळीच्या वासामुळे.

"एकोणीस," पामरकाका म्हणाले. जिंकल्यासारखे नाही म्हणाले, हा त्यांचा चांगुलपणा. "शब्द तो शब्द, बाई. पुढचा शनिवार."

घरी बाबांनी विचारलं, "कोपऱ्यावरून किती?"

"अकरा."

"हं," म्हणाले आणि गायींकडे गेले. दूध काढायची वेळ अजून झाली नव्हती.

सोमवार, १४ फेब्रुवारी

हरणाचा पुठ्ठा उजवीकडे आणला. मुलांनी टाळ्या वाजवल्या, पण जोर नव्हता.

"बाई," ती डावी बाजू भारी म्हणालेली मुलगी म्हणाली, "शनिवारी आम्ही जिथं उभे होतो तिथं आता बंदुका उभ्या राहतील ना?"

"बहुतेक."

"म्हणजे ती जागा आपणच दाखवून दिली."

"आपण खरं मोजलं," मी म्हणाले. "खरं मोजण्यात चूक कधीच नसते."

मोठ्यानं म्हणाले. निम्मं मुलांसाठी, निम्मं माझ्यासाठी. या वाक्यावर माझा विश्वास आहे, आजही आहे. पण उद्या कोठाराच्या भिंतीवर माझा नकाशा लागेल आणि त्यात मुंगी सुटायची नाही. कोल्ह्यासाठी इतका चांगला सापळा या गावात वीस वर्षांत कुणाला जमला नव्हता. मी काढला. रंगीत पेन्सिली वापरून.

बुधवार, १६ फेब्रुवारी

मागच्या दारी आई रबरी बुटांना तेल लावत होती. मी म्हणाले, "बाबांना नवी जोडी घेऊ. यांची बक्कलं गेलीत."

"कुठली बक्कलं?"

"निघतात ना हाक्यात."

आईनं बूट माझ्यापुढे धरला. चार बक्कलं, चारही धड. वरून तिसरं उघडायला मला दोन्ही अंगठे लावावे लागले.

"चिखलात वासरू ओढताना निघत नाही," आई म्हणाली. "हिमवादळात गोठ्यापर्यंत जाताना निघत नाही. वर्षात एकच दिवस निघतं." आणि तिनं दुसरा बूट उचलला, जसं काही हवामानाबद्दल बोलली होती. "मी कधी विचारलं नाही. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली की सगळंच विचारत नाही माणूस."

गोठ्यात गेले. बाबा गायीच्या पोटाला कपाळ टेकून दूध काढत होते. मी पालथ्या बादलीवर बसले. काही विचारायचं होतं ते विचारलं नाही. पाणथळीतलं पाणी बाबांनी अजून का काढलं नाही, शेजाऱ्यांनी सगळ्यांनी काढून मका लावला तरी, हेही नाही विचारलं.

"थंडी आहे," बाबा म्हणाले.

"आहे," मी म्हणाले.

ससाणा उडून येतो. त्याला खुराड्यापासून कुंपणापर्यंत चालत जायची गरज काय? हे मला जानेवारीतच सुचायला हवं होतं.

गुरुवार, १७ फेब्रुवारी

शाळा सुटल्यावर कोठारात गेले. माझा नकाशा खरंच भिंतीवर होता. पामरकाका एकटेच होते.

"झकास काम आहे," म्हणाले. "वाकड्या कोपऱ्यावर चार नेमबाज ठेवले की झालं. एक सुटायचा नाही." पेन्सिल कानामागे तशीच होती, नावं लिहिलेली नव्हती.

"तिथं बंदुका नकोत, काका. आमचा गोठा लागून आहे. गायी आटतील."

"सेल्मर दर वर्षी हेच सांगतो."

"मग खरंच असेल."

"असेल, असेल." काकांनी मिशी ओढली. "बंदुका नकोत. मग माणूस कोण? सेल्मरला तर तू पाद्रीबुवांकडे धाडलंस."

"मी. मी आणि माझा वर्ग. गेल्या खेपेला आम्हीच होतो."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. "बूट धड आहेत ना?"

"नवे आहेत."

"मग माझी काय हरकत?" आणि पेन्सिल काढून नाव लिहिलं.

त्यांना संशय आला नाही. मुकाट्यानं यायचं, तोंड वाकडं करायचं नाही, हा माझा शब्द. तो अक्षरशः पाळणार आहे. बैठकीत बुटांबद्दल काही ठरलं नव्हतं.

तरी मनाला टोचतं. शास्त्र शिकलेल्या माणसानं उघड बोलावं, उघड हरावं, उघड जिंकावं. मी उघड बोलले आणि माझ्या उघड बोलण्यानं अकरा कोल्ह्यांची वाट बंद झाली. बाबांनी वीस वर्षं काहीच बोलून न दाखवता ती उघडी ठेवली. यातून काय शिकायचं ते अजून कळलेलं नाही. शनिवारी काय करायचं ते मात्र कळलंय.

शनिवार, १९ फेब्रुवारी

शिट्टी झाली. आम्ही कोपऱ्यावरून निघालो. मुलांना मी काही सांगितलं नव्हतं, एवढंच की माझ्या मागं राहा आणि माझ्यापुढे कुणी जायचं नाही.

दक्षिणेकडून पहिले बार ऐकू आले. पाणथळीच्या काठाशी लव्हाळे हलले आणि एक तांबडी मादी बाहेर आली. वाऱ्याला नाक लावलं, आमच्याकडे पाहिलं. ती थबकली, गेल्या शनिवारी थबकले होते तशी. तिच्या मागं आणखी लव्हाळे हलत होते. पश्चिमेची रांग ओरडत जवळ येत होती आणि तिच्यात बंदुका होत्या.

माझ्या डाव्या बुटाचं बक्कल निघालं.

मी बर्फात गुडघा टेकला. हातमोजे काढले, कारण नवं बक्कल हट्टी असतं. एक क्षण काहीच झालं नाही. मग ती डाव्या बाजूवाली मुलगी म्हणाली, "बाई, बक्कल?"

"हो. निघत... म्हणजे लागत नाहीये."

"मी बघते," म्हणाली आणि शेजारी बसली. मग दुसरी आली. मग सगळाच वर्ग, एकमेकांना ढकलत, सल्ले देत: थुंकी लाव, ओढ, दाब, असं नाही गं, वेडी आहेस का. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, एका बुटाला एवढी माणसं म्हणजे आत बाईंचा पाय आहे की वासरू अडकलंय!

आमच्या बाजूनं काहीतरी गेलं. हलकं, भराभर. पुन्हा गेलं. पुन्हा. किती ते मोजलं नाही. मोजायला वर बघावं लागलं असतं.

बक्कल लागलं तेव्हा पट्टा रिकामा होता आणि पश्चिमेची मंडळी लांबून हात हलवत बोंबलत होती, "हौगेनांचे बूट! अरे देवा, अजून एक हौगेन!"

चार मारले. चौघांनाही मी जाऊन पाहिलं, कारण न पाहणं बरोबर झालं नसतं. कातडी सोलताना माणसं नेहमीसारखी ओरडत नव्हती. एकजण मला म्हणाला, "हरणं दिसली नाहीत गं आज," आणि तक्रार केल्यासारखा उभा राहिला.

तळघरात पामरकाकांनी सूप घेता घेता सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बाई, बापाकडून लेकीकडे जातं त्याला तुमच्या शास्त्रात काय म्हणतात?"

"आनुवंशिकता."

"बक्कलांची पण असते?"

छप्पर उडेल असं हसले सगळे. बेरिटकाकूंनी माझ्या वाडग्यात हॅमचा सगळ्यात मोठा तुकडा टाकला. मला लाज वाटायला हवी होती. अजिबात वाटली नाही.

घरी मागच्या दारी बाबा आणि मी बूट काढायला शेजारी शेजारी बसलो.

"कुठलं?" बाबांनी विचारलं.

"वरून दुसरं."

त्यांनी जरा विचार केला. "माझं तिसरं असायचं," म्हणाले. "खाली वाकावं लागतं जास्त. वेळ मिळतो."

मंगळवार, २२ फेब्रुवारी

आज दोन पाहुणे आले.

दुपारी बाबा. आंघोळ करून, रविवारचा कोट घालून. भिंतीपुढे उभे राहून त्यांनी एकेक पुठ्ठा वाचला, ओठ हलवत, डावीकडून उजवीकडे. कवटीला बोट लावलं. हरणापाशी थांबले. "जागा ठेव," म्हणाले. "इथं आणखी येतील." गायींनी परवानगी दिली का, असं मी विचारलं, तर म्हणाले, अर्ध्या तासाची दिली.

शाळा सुटता सुटता पामरकाका. टोपी हातात. माझा नकाशा गुंडाळून परत आणला होता.

"हा तुझ्याकडेच ठेव," म्हणाले. "कोठारात उंदीर कुरतडतील."

"पुढच्या वर्षी लागेल ना?"

"पुढच्या वर्षी बेरिट म्हणते की मोजणीच करा, हरणं बघायला तिच्या बहिणीला मिनेसोटाहून यायचंय. बघू. बंदूकवाले कुरकुर करतायत, पण कुरकुर हळू आहे." ते कोल्ह्याच्या पुठ्ठ्यापाशी गेले. "हा इथंच राहू दे. कोल्हाच राहिला नाही तर फेब्रुवारीत गावानं जमायचं कशाला? घरात बसून बायकोचं तोंड बघायचं?" मग जायला निघाले आणि दारातून वळले. "काहीही ठरो, वाकडा कोपरा आता तुझा. सेल्मरचे गुडघे दुखायला लागलेत. वीस वर्षं त्या जागेवर माणूस मीच नेमतोय, बाई. कुणालाही नेमून चालत नाही तिथं."

"अहो, पण मी तर या वेळी..."

"चिमणे," काका म्हणाले, "बूट बदलू नकोस." आणि गेले.

कितीतरी वर्षांनी चिमणे म्हणाले.

फार भला माणूस आहे. एकोणिसाच्या वेळी टोमणा मारला नाही, आता नकाशाही परत दिला. पण वीस वर्षं त्याच कोपऱ्यावर बाबांना नेमत राहिले, आणि दर वर्षी फसूनही आता मलाच नेमतात. माणसांची पारख मात्र त्यांना मुळीच नाही.